सूपभर कोंड्याचं पोर

"आक्का, माझं पोरगं मला परत दे."

शालन गिरणीच्या दारात सूप घेऊन उभी होती आणि सुपात कोंडा होता. माझी गिरणी पिठाचीही आणि भाताचीही. एका बाजूला कुणाचा तरी शाळू उतरत होता, सगळीकडं पीठ उडत होतं. मी ओरडूनच म्हटलं, थांब जरा, एवढं पायलीभर उतरू दे. गिरणीवाल्या बाईला हळू बोलणं जमत नाही, देवळातसुद्धा लोक माझ्याकडं वळून बघतात. पण शालन थांबली नाही. आत आली, सूप माझ्या पायाशी ठेवलं आणि पुन्हा तेच म्हणाली. मग मी बटण बंद केलं.

"लग्नाआधी सोडवत न्हाईत," मी म्हटलं.

"त्याचं लगीन कोण बघणाराय आक्का?"

मला असा संताप आला म्हणून सांगू! मी ते सूप उचललं, तिच्या हातात कोंबलं आणि गुमान घरी जा म्हटलं. असलं अभद्र बोलायला गिरणीत आलीस व्हय, म्हटलं. ती गेली. मी बटण दाबलं आणि तो शाळू दळायचा सोडून तशीच उभी राहिले.

आता हे सूप काय, कोंडा काय, ते सांगायला हवं. आज गडहिंग्लजला कुणाला विचारलं तर नव्या पोरांना ठाऊक नसेल, पण आमच्या पिढीत ही रीत होती. ज्या बाईची पोरं जगत नाहीत, तिनं पुढचं पोर जन्मलं की दुसऱ्या बाईला विकायचं. विकायचं म्हणजे नावाला. घेणारी सूपभर कोंडा देते, पोर सुपात घालून उंबऱ्याबाहेर नेते आणि लगेच परत आणून आईच्याच मांडीवर ठेवते, हे माझं पोर, जरा सांभाळ, असं म्हणून. आधीची पोरं घेऊन गेलेली सटवाई दाराशी घुटमळत असते, तिला वाटलं पाहिजे की हे पोर हिचं नव्हंच. कोंड्याच्या मोलाचं पोर ती कशाला नेईल! पुढं लग्नात, हळद लागायच्या आधी, आई तेवढाच कोंडा देऊन पोर सोडवून घेते. हसण्याखिदळण्याचा प्रकार असतो तो. घेणारी बाई मुद्दाम आढेवेढे घेते, लुगडं मागते.

शालन आणि बाळगोंडा माझ्या समोरच्या घरात राहायचे. बाळगोंडा साखर कारखान्यात वेल्डर. त्यांचा पहिला मुलगा बारशाआधीच गेला, दुसरी मुलगी चालायला लागून तापानं गेली. तिसऱ्या वेळी शालनची सासू सूप घेऊन माझ्याकडं आली. मी विधवा, ना पोर ना बाळ, आणि गिरणीत कोंड्याला काय तोटा! मी हसत हसत घेतला त्याला. कोंडा देऊन घेतला म्हणून कोंडिबा. शाळेत सुदर्शन लावलं होतं, पण त्या नावानं मास्तर सोडून कुणी हाक मारली नाही.

बाकीच्या बायका ही रीत करतात आणि आठवड्यात विसरतात. शालन विसरली नाही. दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकून पिणारच. तिनं पोराला कधी आपलं म्हटलं नाही. "आक्का, तुझं पोरगं जेवंना बघ." "तुझ्या पोरानं पाटी फोडली." पोर पडलं, रडलं, की ही धावत जायची आणि दोन पावलं अलीकडं थांबून मला हाक मारायची. त्याला बोलायला यायला लागलं तेव्हा तिनंच शिकवलं, ही आई आणि मी मावशी. न्हाऊमाखू घालणं, भरवणं, झोपवणं सगळं तिच्याकडं, आणि आई म्हणायचं मला. मी तिला किती वेळा म्हटलं, अगं, पुरे झालं आता, पोर चौथीत जाईल उद्या. ती म्हणायची, एकदा लग्नात म्हणू दे मला आई, तोवर धीर धरते मी.

मला काय वाटायचं ते खरं सांगते. मला गोड वाटायचं. शाळा सुटली की पोरगं दारातनं ओरडायचं, "आई, भूक!" आणि सगळ्या आवाजातनं तेवढं मला बरोबर ऐकू यायचं. मी चिडून म्हणायची, मेल्या, मावशीकडं जा, माझ्याकडं पीठच खायला मिळेल. तो पीठच खायचा, चिमटीत घेऊन, आणि मग ठसकायचा.

ती गाठ मीच पहिल्यांदा बघितली. तिसरीत होता तो. त्याला उचलून पोत्यावर बसवताना उजव्या बरगडीखाली हाताला टणक लागलं. मला वाटलं खिशात गोट्या आहेत. खिशात काही नव्हतं. दाबलं तर म्हणाला दुखतंय, पण लई न्हाई. भूक तर आधीच मेली होती, आम्ही म्हणत होतो उन्हाळा बाधला. तिथनं आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टर म्हणाले, लिव्हरचा कॅन्सर. लिव्हर म्हणजे बोकडाचं काळीज असतं ना, तेच. एवढ्या पोराला काळजाचा कॅन्सर होतो हे आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. बाळगोंडानं विचारलं, आमच्या घरात कोण दारू पीत न्हाई, मग कसं काय? डॉक्टर चांगले होते बिचारे, म्हणाले, ह्यात कुणाची चूक नसते.

तपासायला पोराचं रक्त द्यायचं होतं, तेव्हा नर्सनं विचारलं आई कोण. शालननं माझ्याकडं बोट दाखवलं आणि आपण भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, बाई, ही आई आहे, मी शेजारीण. झालं! सगळ्यांसमोर तसं म्हटलं म्हणून घरी परत येईपर्यंत शालन माझ्याशी बोलली नाही.

ऑपरेशन झालं. काळीज अर्धं कापून काढलं तरी पुन्हा वाढतं म्हणाले, आणि खरंच वाढलं. मग सलाईनमधनं औषधं सुरू झाली. केस गेले, भुवया गेल्या. आम्ही तिघं पाळीपाळीनं मिरजेला राहिलो. पुढं केस परत आले, आधीपेक्षा मऊ आले, आणि पोरगं शाळेत जायला लागलं. शालननं तेव्हाही त्याला जवळ घेऊन देवाला नमस्कार घातला नाही. मला म्हणाली, तूच घाल, तुझं पोरगं वाचलं.

मग सकाळी उठल्या उठल्या उलट्या सुरू झाल्या. डोकं दुखायचं. पित्त म्हणून आम्ही आल्याचा रस दिला. एका दिवशी तो गिरणीत येताना दाराऐवजी चौकटीवर आपटला आणि हसला. म्हणाला, आई, तुझी दोन दारं झाल्यात. दुसऱ्याच आठवड्यात त्याला शाळेत झटके आले.

मिरजेला डोक्याचा फोटो काढला. ह्या वेळी डॉक्टरांनी पोराला बाहेर बसवलं आणि आम्हाला आत घेतलं. काळजातला रोग मेंदूत गेला होता, एका नाही, चार जागी. ते म्हणाले, आता ऑपरेशन करून उपयोग नाही, औषधानंही थांबणार नाही. सूज उतरायची गोळी देतो, झटक्यांची देतो, त्यानं थोडे दिवस बरं वाटेल. घरी न्या आणि त्याला काय आवडतं ते करा. बाळगोंडानं विचारलं, मुंबईला? डॉक्टरांनी मान हलवली. नेलंत तर मी अडवणार नाही, पण त्याचे दिवस प्रवासात जातील, एवढंच म्हणाले. आभाळच फाटलं तिथं ठिगळ कुठं लावायचं!

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शालन ते सूप घेऊन आली. मी तिला हाकललं ते असं.

संध्याकाळी बाळगोंडा आला. तो मुळात अबोल माणूस. गिरणीच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, आक्का, ती काल धरनं जेवली न्हाई. तिची दोन गेली ती बोलायच्या आधीच गेली. आई म्हणून तिला आजवर कुणी हाक मारली न्हाई. हा बी तसाच जाईल. एवढं म्हणून तो रडायला लागला, आणि बाळगोंडाला रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, दोन पोरं पुरली तेव्हासुद्धा नाही.

मला द्यायचा नव्हता तो. सोडवला म्हणजे आम्ही सगळ्यांनी कबूल केलं, की ह्याची हळद आम्ही बघणार नाही. मला अजून वाटत होतं, गोळीनं सूज उतरेल, पुढं कोण बघितलंय, डॉक्टर म्हणजे काय देव आहे का! पण ज्याचं जळतं त्याला कळतं. तिनं नऊ वर्षं जीभ आवरली होती. तिला नाही म्हणणारी मी कोण?

सकाळी मी त्यांच्या घरी गेले. गोळ्यांनी पोराला बरं वाटत होतं. खाटेवर उशीला टेकून बसला होता, एका डोळ्यावर हात धरून, कारण दोन्ही उघडे ठेवले की सगळं दोन-दोन दिसायचं. शालननं जरा बरं लुगडं नेसलं होतं. तिनं माझ्यासमोर सूप ठेवलं, मी कोंड्याला हात लावला आणि पोराचा हात धरून तिच्या हातात दिला. लग्नात करतात तसे आढेवेढे कुणी घेतले नाहीत.

"आज काय हाय?" पोरानं विचारलं.

"रीत हाय," बाळगोंडा म्हणाला.

शालन त्याच्या शेजारी टेकली. तिचा चेहरा मला आजही दिसतो, नव्या नवरीसारखी लाजली होती ती. म्हणाली, "आता तू माझा झालास. आता मला आई म्हणायचं, काय?"

पोरानं सुपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दिलीस मला?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, अरे, समोरच तर आहे मी, कुठं जातेय. तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

त्यानंतर मी मुद्दाम जायचं कमी केलं. त्याला तिची ओढ लागू दे म्हणून. पण समोरच्या घरातलं सगळं ऐकू यायचं. शालन त्याला लाडीगोडीनं म्हणायची, आई म्हण की रे, एकदा म्हण, तुला शिरा करते. तो मावशीच म्हणायचा. पाणी दे मावशी, डोकं दाब मावशी. आई म्हणून हाक मारल्याशिवाय पाणी द्यायचं नाही असं तिनं ठरवलं, तर त्यानं पाणीच मागायचं सोडलं. मग तीच घाबरली आणि माझ्याकडं पळत आली.

"तू सांग त्याला," ती म्हणाली. "तुझं ऐकतोय. त्याला मी नको असंन, तर तसं तरी कळू दे."

मी गेले. शालनला चुलीपाशी पाठवलं आणि खाटेवर बसले. त्याचा उजवा हात तोवर लुळा पडायला लागला होता, बोलताना जीभ जड व्हायची. मी आपली नेहमीच्या मोठ्या आवाजात सुरू करणार, तर तो म्हणाला, "हळू बोल."

"का रे? डोकं दुखतंय?"

"ऐकू जाईल."

"मावशीला? ती चुलीपाशी हाय."

"तिला न्हाई. दोघांना घेऊन गेलेलीला."

त्याला हे कुणी सांगितलं असेल, मला आजही ठाऊक नाही. शाळेतल्या पोरांनी, नाहीतर त्याच्या आजीनं. आम्ही तिघं समजत होतो की लहान पोर, त्याला काय कळतंय, आम्ही शिकवलं तसं म्हणतंय. त्याला पहिल्यापासनं सगळं ठाऊक होतं. कोण आई, कोण मावशी, आणि तसं का म्हणायचं, सगळं.

"मी कदी चुकलो न्हाई," तो म्हणाला. "शाळंत बी न्हाई. मिरजंला सुई टोचली तवा बी न्हाई. तू चुकलीस. त्या नर्सला तू सांगितलंस."

"व्हय रे बाबा. मी चुकले."

"आणि आता तुमी मला परत दिलं. लगीन व्हायच्या आधी. मी मरणार हाय म्हणून, न्हवं?"

आयुष्यात मला बोलायला कधी शब्द कमी पडले नाहीत. दळण उशिरा दिलं म्हणून भांडायला आलेल्या पाटलालाही मी गप्प केलंय. त्या पोराचं पांघरूण मी नुसतं नीट करत बसले. मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवून जे आम्हाला हळूच सांगितलं, ते आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत सुपात घालून त्याच्यापुढं ठेवलं होतं.

"मी मावशीला तसं म्हणलो की त्या घेऊन जाणारीला कळंल मी कुणाचा ते," तो म्हणाला. "तू परत घे की मला. कोंडा हाय की तुझ्याकडं लई."

मी उठून बाहेर आले. शालन चुलीपाशी नव्हती, दाराच्या आडच उभी होती. मला काही सांगावं लागलं नाही. तिनं भिंतीला धरलं आणि खाली बसली. मी तिला म्हटलं, शाले, तू नकोस म्हणून न्हाई गं. त्याला जगायचंय. तो आपल्या तिघांपेक्षा जास्त नेटानं जगायला बघतोय.

ती जराशानं उठली, पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. तिनं पोराला उचललं. तोवर तो इतका हलका झाला होता की एकटीला उचलता यायचा. आणून उंबऱ्याबाहेर बसलेल्या माझ्या मांडीवर ठेवला आणि गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "घे गं आक्का तुझं पोरगं. मला न्हाई व्हायचं सांभाळणं. दुसऱ्याचं पोर मी कशाला ठिवून घेऊ?"

मीही मोठ्यानं म्हटलं, "आण इकडं. माझं मला जड न्हाई."

पोरगं दोघींकडं बघत होतं, एक डोळा मिटून. मग हसलं. त्या दिवशी त्यानं वाटीभर पेज मागून घेतली, आणि शालननं ती त्याला भरवली, मावशी म्हणून.

मला वाटलं होतं, एवढ्या इच्छेला देव काहीतरी दाद देईल. दिली नाही. गोळ्या चालेनात. झटके दिवसातनं पुन्हा पुन्हा यायला लागले. बोलणं तुटक झालं, मग एखादाच शब्द यायचा, तोही आम्हाला जुळवून घ्यावा लागायचा. डोकं दुखायला लागलं की तो ओरडायचा नाही, दात खायचा. बाळगोंडा रजा काढून घरीच बसला होता, पण खोलीत त्याच्यानं थांबवायचं नाही. मी गिरणी बंद ठेवली. लोक दळण घेऊन दुसरीकडं जायला लागले, कुणी कुरकुर केली नाही.

शालन दिवसभर त्याच्या उशाशी असायची. मोठ्यानं बोलायची, मुद्दाम. आक्का, तुझ्या पोराचा सदरा बदल. आक्का, तुझं पोरगं माझी झोप मोडतंय. असं म्हणताना तिचा हात त्याच्या केसांतनं फिरत असायचा. मी पायाशी बसून, हं, हं, करायची.

एका संध्याकाळी दिवेलागणीला झटका येऊन गेला आणि तो बराच वेळ पडून राहिला. मला वाटलं संपलं. मग त्यानं डोळे उघडले. ह्या वेळी दोन्ही उघडले, कुठला मिटायचा ते त्याला जमलं नाही. शालन कापसानं त्याच्या ओठांना पाणी लावत होती.

"आई," तो म्हणाला.

इतके दिवस शब्द जुळवून घ्यावे लागत होते, हा मात्र सरळ आला. मी पायाशी होते, लगबगीनं पुढं सरकले. म्हटलं, "काय रे राजा, इथंच हाय मी."

"तू न्हवं," तो म्हणाला. डाव्या हातानं त्यानं शालनचं मनगट चाचपलं, बांगड्यांच्या वर धरलं. "ही."

नऊ वर्षं ज्यासाठी ती थांबली होती, ते तिला मिळालं. शालननं कापूस टाकला आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"मावशी म्हण," ती म्हणाली. "मावशीच म्हण रे बाळा. मी तुझी कुणी न्हाई."

तिचा हात बाजूला सारायचं त्याच्यात बळ नव्हतं. त्यानं हाताखालनंच पुन्हा आई म्हटलं.